कंटेनर उचलण्याच्या सुरक्षा-साधनाचे पेटंट : परीक्षण पार पाडताना काय सांभाळावे

द्रोणागिरीजवळच्या एका यार्डात रिकामा वीस फुटी कंटेनर हायड्राने, म्हणजे चाकांवरच्या छोट्या क्रेनने, उचलला जात होता. चार कोपऱ्यांत चार लग (कोपऱ्याच्या भोकात अडकवायचे उचल-तुकडे), त्यांना चार पायांची साखळी, आणि त्या चारांपैकी एक लग अर्धवट बसलेला. कंटेनर जमिनीपासून हातभर वर गेला आणि तो कोपरा सुटला. रिकाम्या वीस फुटी कंटेनरचे वजनही सुमारे सव्वादोन टन असते. साखळ्या अडकवणारे खलाशी मामा दोन पावले मागे सरून उभे होते म्हणून त्यांचा पाय वाचला. त्या लगाची दुरुस्ती आमच्या रबाळ्याच्या वर्कशॉपमध्ये आली, आणि दुरुस्त करता करता आम्ही एक वेगळेच साधन बनवले, ज्याला पुढे पेटंट मिळाले.

साधन बनवायला आम्हाला पाच महिने लागले. पेटंटचे परीक्षण त्यापेक्षा कितीतरी लांबले, आणि त्यातला जवळजवळ सगळा मनस्ताप आम्ही पहिल्या अर्जात काय लिहिले आणि काय लिहायचे राहिले, यातून आलेला होता. ठाणे-बेलापूर पट्ट्यात, वागळे इस्टेटमध्ये किंवा उरणच्या बाजूला उचल-साधनांचे काम करणारी अनेक छोटी वर्कशॉप आहेत आणि त्यांच्याकडे चांगल्या कल्पना आहेत. त्यांना तोच त्रास पुन्हा होऊ नये म्हणून हे सारे क्रमाने लिहीत आहे.

१. साधन काय करते, हे आधी स्वतःसाठी लिहा

अर्जाच्या फॉर्मकडे जाण्याआधी एक साधा कागद घ्या आणि त्यावर "सुरक्षित", "मजबूत", "सोपे" हे शब्द न वापरता आपले साधन कसे चालते ते लिहा. कोणता भाग कशाला अडतो, कोणता भाग कधी हलतो, आणि एखादा भाग नीट बसला नाही तर नेमके काय होते, एवढेच त्यात यावे. हा कागद मराठीतच लिहा, कारण विचार मराठीत झालेला असतो. अर्ज मात्र इंग्रजीत किंवा हिंदीतच द्यावा लागतो.

आमचे उदाहरण देतो. कंटेनरच्या आठही कोपऱ्यांना कॉर्नर कास्टिंग, म्हणजे भोके असलेला ओतीव ठोकळा, असते आणि वरच्या कास्टिंगचे लांबट भोक आयएसओ ११६१ या मानकाप्रमाणे १२४ गुणिले ६३.५ मिलिमीटरचे असते. लगाचे डोके त्या भोकातून आत घालून ९० अंशांत फिरवले की ते आत अडकते. ते परत फिरू नये म्हणून एक लॉकिंग पिन खाली सोडायची असते, आणि सगळा घोटाळा या पिनेपाशी होतो : भोकात गंज किंवा मातीचा थर असला की पिन अर्धीच बसते आणि वरून पाहणाऱ्याला ती बसल्यासारखी वाटते. आमच्या साधनात शॅकलच्या (लगाला साखळी जोडणाऱ्या कडीच्या) बुडालाच कॅमचा, म्हणजे फिरताना दुसऱ्या भागाला अडवणाऱ्या उंचवट्याचा, आकार दिला आहे. साखळी ताणली जाऊन शॅकल उभी राहिली की कॅम पिनेच्या डोक्यावर येतो आणि भार असेपर्यंत पिन वर निघू शकत नाही. पिन पूर्ण खोलीपर्यंत गेलेली नसेल तर तिचे डोके कॅमच्या खांद्याला अडते आणि शॅकल तिरकीच राहते. ती तिरकी शॅकल जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला स्पष्ट दिसते.

वरच्या परिच्छेदातली शेवटची तीन वाक्ये हाच आमचा शोध आहे. "अपघात टळतो" हा त्याचा परिणाम झाला. परीक्षक परिणामाला पेटंट देत नाही, तो परिणाम ज्या रचनेतून येतो त्या रचनेला देतो, आणि सुरक्षा-साधनाच्या अर्जात नवखे लोक नेमके उलट लिहितात. आम्हीही तेच केले होते.

२. आधी कोणी हे केले आहे का, ते शोधा

भारतीय अर्जांसाठी पेटंट कार्यालयाची इनपास ही शोधसेवा आहे. जगभरच्या अर्जांसाठी एस्पेसनेट, पेटंटस्कोप आणि गुगल पेटंट्स आहेत, आणि ही सगळी विनामूल्य आहेत. केवळ शब्द टाकून शोधू नका. एकाच वस्तूला कोणी लग म्हणतो, कोणी कपलर, कोणी लॉकिंग डिव्हाइस. त्यापेक्षा आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचे संकेत घेऊन शोधा. वस्तूवरच्या खास भोकांत अडकणाऱ्या उचल-साधनांसाठी बी६६सी १/६६ हा गट आहे, क्रेनच्या सुरक्षा-उपकरणांसाठी बी६६सी १५, आणि वाहनावर कंटेनर अडकवून ठेवण्याच्या साधनांसाठी बी६०पी ७/१३. हे संकेत रोमन लिपीत टाइप करावे लागतात.

या क्षेत्रात आधीचे साहित्य भरपूर आहे, हे मनात धरूनच शोधाला बसा. कीथ टँटलिंगर यांनी १९५० च्या दशकात कंटेनरच्या कोपऱ्यांची आणि ट्विस्टलॉकची (भोकात घालून फिरवायच्या कुलपाची) रचना विकसित केली, आणि तेव्हापासून जगभरातले अभियंते त्याच चार कोपऱ्यांवर डोके चालवत आहेत. त्यामुळे आपल्यासारखे काहीतरी सापडणारच. सापडले म्हणून खचू नका, आणि सापडलेले लपवूही नका. जे सर्वांत जवळचे वाटते ते काढून ठेवा आणि आपला फरक त्याच्या शेजारी लिहा, कारण परीक्षकही बहुधा तिथेच पोहोचणार आहे.

३. अर्जाआधी साधन कोणालाही दाखवू नका

अर्जाच्या तारखेआधी शोध लोकांसमोर आला तर त्याचे नावीन्य संपते. वाशीच्या प्रदर्शनात स्टॉल लावणे, ग्राहकाला चार नग विकणे, यार्डातल्या चाचणीचा व्हिडिओ व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकणे, या तिन्ही गोष्टी अर्जाचा जीव घेऊ शकतात. तिसरी सर्वांत धोक्याची, कारण ती आपल्या हातून न होता मदतनीसाच्या मोबाइलवरून होते.

उचल-साधनाची अडचण अशी, की ते बंद खोलीत तपासता येत नाही. त्याला क्रेन आणि खरा कंटेनर लागतो. कायद्याने हे काही प्रमाणात ओळखले आहे. पेटंट कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे, प्राधान्य तारखेआधीच्या (म्हणजे पहिला अर्ज केल्याच्या तारखेआधीच्या) एका वर्षात केवळ वाजवी चाचणीसाठी केलेला आणि शोधाच्या स्वरूपामुळे उघड्यावर करणे भागच असलेला वापर नावीन्याच्या आड येत नाही. तरीही या कलमाच्या भरवशावर राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ती चाचणीच होती आणि ती उघड्यावर करणे भाग होते, हे सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर येते. आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाकावा आणि मग यार्डात जावे. आधी जाणे टळतच नसेल, तर यार्डाच्या मालकाकडून गुप्ततेचे एक पानी पत्र सही करून घ्यावे आणि चाचणीची तारीख, हजर माणसे आणि वापरलेला भार यांची नोंद वहीत करून ठेवावी.

४. कागदपत्रे, शुल्क आणि शोधक कोण हा प्रश्न

महाराष्ट्रातील अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतात. ते अँटॉप हिलला बौद्धिक संपदा भवनात आहे. नवी मुंबईहून जायचे तर हार्बर मार्गावर गुरु तेग बहादूर नगरला उतरणे सोयीचे पडते. प्रत्यक्षात जाण्याची गरज जवळजवळ पडत नाही. सर्व काम ऑनलाइन होते आणि त्यासाठी डिजिटल सही लागते. कागदावर अर्ज दिला तर शुल्क १० टक्के जास्त पडते.

पुढील गोष्टी जमवून ठेवा :

- फॉर्म १, म्हणजे मूळ अर्ज. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांच्यासाठी ऑनलाइन शुल्क १६०० रुपये, मोठ्या कंपनीसाठी ८०००. ३० पाने आणि १० दावे (नेमक्या कोणत्या रचनेवर हक्क सांगतो ती वाक्ये) यांच्या पुढे प्रत्येक पानाला १६० आणि प्रत्येक दाव्याला ३२० रुपये जादा.
- फॉर्म २, म्हणजे स्पेसिफिकेशन (शोधाचे सविस्तर लेखी वर्णन), आधी प्रोव्हिजनल आणि मग पूर्ण. सोबत आकृत्या आणि १५० शब्दांपर्यंतचा गोषवारा.
- फॉर्म ३, परदेशातील अर्जांबद्दलचे निवेदन. परदेशात अर्ज नसला तरी तो भरायचा असतो.
- फॉर्म ५, शोधक कोण याचे घोषणापत्र.
- फॉर्म २६, एजंट नेमला असेल तर त्याचे अधिकारपत्र.
- फॉर्म २८ आणि सोबत उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र, लघुउद्योगाची सवलत हवी असेल तर.

फॉर्म २८ विसरलात तर मोठ्या कंपनीच्या दराने शुल्काची मागणी येते, आणि तो पत्रव्यवहार निस्तरण्यात महिने जातात.

शोधकाच्या नावाबद्दल मला दोन शब्द जास्त लिहायचे आहेत. आमच्या साधनातल्या कॅमचा खांदा ही आमच्या टर्नरची कल्पना होती. त्याने लेथवर एक तुकडा कापून आणला आणि टेबलावर ठेवला. त्याआधी आम्ही सगळे स्प्रिंगच्या मागे लागलो होतो. त्याचे नाव शोधक म्हणून गेलेच पाहिजे होते आणि ते गेले. अर्जदार म्हणून वर्कशॉपचे नाव लावायचे असेल तर शोधकाने आपला हक्क वर्कशॉपला दिल्याचा पुरावा जोडावा लागतो. फॉर्म १ मधल्या घोषणेवर त्याची सही घेतली तरी तो पुरावा चालतो. अर्जासोबत दिला नाही तर सहा महिन्यांच्या आत द्यायचा असतो. हा पुरावा राहिल्याचा आक्षेप परीक्षण अहवालांत नेहमी दिसतो, आणि तोपर्यंत तो कामगार नोकरी सोडून गावी गेलेला असू शकतो. ज्याने डोके चालवले त्याचे नाव वगळणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय पुढे कोणी विरोध नोंदवला तर ते आपल्यावरच उलटते.

५. स्पेसिफिकेशन आणि दावे लिहिणे

प्रोव्हिजनल अर्जाने तारीख मिळते, आणि पूर्ण स्पेसिफिकेशन त्यानंतर १२ महिन्यांच्या आत द्यावे लागते. ते दिले नाही तर अर्ज सोडून दिला असे धरले जाते. हे १२ महिने वाट पाहण्यासाठी नसतात. साधन यार्डात वापरा, त्यात काय बिघडते ते पाहा, जे जे सुचेल ते लिहून ठेवा आणि सगळे पूर्ण स्पेसिफिकेशनमध्ये घाला. यामागचे कारण कलम ५९ मध्ये आहे. अर्ज गेल्यावर दुरुस्ती फक्त काही वगळून, चूक सुधारून किंवा स्पष्टीकरण देऊन करता येते. मूळ मजकुरात नसलेली नवी गोष्ट आत आणता येत नाही, आणि दुरुस्त केलेला दावा आधीच्या दाव्याच्या कक्षेत पूर्णपणे बसावा लागतो.

याचा फटका आम्हाला बसला. खाडीच्या खाऱ्या हवेत पिनेची वाट गंजते, म्हणून आम्ही नंतर तिच्यावर रबराची टोपी बसवली आणि तिच्यामुळे साधन खरोखर टिकाऊ झाले. पण ती टोपी स्पेसिफिकेशनमध्ये कुठेच नव्हती, त्यामुळे परीक्षणाच्या वेळी तिचा एक शब्दही उपयोगी पडला नाही. अशा सुधारणेसाठी कलम ५४ खाली जोड-पेटंटचा वेगळा अर्ज करता येतो. त्याची मुदत मुख्य पेटंटबरोबर संपते आणि त्याला वेगळे नूतनीकरण शुल्क लागत नाही. ही सोय चांगली आहे, परंतु टोपी आधीच लिहिली असती तर तिची गरज पडली नसती.

दाव्यांना कार्यालयात सगळे क्लेमच म्हणतात. पेटंटचे संरक्षण क्लेममध्ये असते, वर्णनात नसते. आमच्या पहिल्या मसुद्यातला मुख्य दावा साधारण असा होता : "कंटेनर सुरक्षितपणे उचलण्यासाठीचे साधन, ज्यात लग, लॉकिंग पिन आणि शॅकल आहे." हा दावा वाचून कोणताही परीक्षक म्हणेल की हे तिन्ही भाग बाजारात मिळतात. शेवटी मान्य झालेल्या दाव्याचा गाभा मात्र असा होता : "शॅकल उभी असताना तिच्या बुडाचा कॅम लॉकिंग पिनेच्या डोक्यावर येऊन पिनेची वरची हालचाल रोखतो, आणि पिन ठरलेल्या खोलीपर्यंत न बसल्यास तिचे डोके कॅमच्या खांद्याला अडून शॅकलला उभे होऊ देत नाही." पहिल्या दाव्यात भागांची यादी आहे. दुसऱ्यात एक भाग दुसऱ्यावर काय करतो ते आले आहे.

मुख्य दाव्याखाली अवलंबून असलेले दावे पायरीपायरीने अरुंद करत न्या : खांद्याचा कोन, पिनेची खोली, खूण दिसण्याची पद्धत. परीक्षणात मुख्य दावा टिकला नाही तर मागे सरकायला या पायऱ्या लागतात.

आकृत्या ए४ कागदावर, वर आणि डावीकडे किमान ४ सेंटिमीटर, खाली आणि उजवीकडे किमान ३ सेंटिमीटर समास सोडून काढाव्यात. भागांना क्रमांक द्यावेत आणि तेच क्रमांक दाव्यांत कंसात यावेत. आकृतीवर वर्णनाची वाक्ये लिहू नयेत. आमचे एक काम मात्र आकृतीने वाचवले. कॅमच्या खांद्याचा आकार वर्णनात तोकडा लिहिला गेला होता, पण तिसऱ्या आकृतीत पिन अर्धी बसलेली आणि शॅकल तिरकी अडलेली अशी स्थिती स्वच्छ दाखवली होती. तिच्या आधारावर दाव्यातली दुरुस्ती मान्य झाली. म्हणून सुरक्षा-साधनाची आकृती काढताना साधन नीट बसलेले दाखवा, आणि चुकीचे बसलेलेही दाखवा.

६. परीक्षणाची विनंती

अर्ज केला म्हणजे परीक्षण आपोआप सुरू होते, असा अनेकांचा समज असतो. फॉर्म १८ भरून परीक्षण मागावे लागते. छोट्या अर्जदाराला त्याचे शुल्क ४००० रुपये आहे. १५ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे, त्या तारखेपासून केलेल्या अर्जांसाठी ही विनंती प्राधान्य तारखेपासून ३१ महिन्यांच्या आत करायची आहे. आमचा अर्ज २०२१ मधला असल्याने आम्हाला ४८ महिन्यांची जुनी मुदत होती. जुन्या अनुभवाच्या लोकांकडून सल्ला घेताना हा फरक लक्षात ठेवा, कारण अजूनही पुष्कळजण सवयीने ४८ महिनेच सांगतात. विनंती वेळेत गेली नाही तर अर्ज मागे घेतला असे धरले जाते.

अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. २५०० रुपये भरून फॉर्म ९ दिला तर तो लवकर प्रसिद्ध होतो. स्टार्टअप, लघुउद्योग, किंवा व्यक्ती म्हणून अर्ज करणाऱ्यांत किमान एक महिला असेल तर ते अर्जदार, यांना फॉर्म १८ए भरून जलद परीक्षण मागता येते. त्याचे शुल्क ८००० रुपये आहे. साधन बाजारात आणण्याची घाई असेल तर हा खर्च जरूर करावा. तशी घाई नसेल तर नेहमीची रांग बरी, कारण उत्तर तयार करायला आणि पैसे जमवायला उसंत मिळते.

७. पहिला परीक्षण अहवाल

याला सगळे एफईआर (फर्स्ट एक्झॅमिनेशन रिपोर्ट) म्हणतात. तो निघाल्याच्या तारखेपासून उत्तर देऊन अर्ज मान्यतेच्या स्थितीत आणायला सहा महिने मिळतात. फॉर्म ४ भरून मुदतवाढ मागता येते, पण तिला दरमहा शुल्क पडते आणि ती मूळ मुदत संपण्याआधीच मागितलेली बरी.

इथे सर्वांत मोठा सापळा ईमेलचा आहे. आम्ही सुरुवातीला ज्या सल्लागाराकडून अर्ज केला त्याने पत्रव्यवहारासाठी फक्त स्वतःचा ईमेल दिला होता. अहवाल त्याच्याकडे पोहोचला आणि आम्हाला तो चौथ्या महिन्यात कळला. सहापैकी दोन महिने हाती राहिले. तेव्हा अर्जात आपला स्वतःचा ईमेल आणि मोबाइल नंबर असल्याची खात्री करा, आणि महिन्यातून एकदा अर्ज क्रमांक टाकून कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्जाची स्थिती स्वतः पाहा.

अहवाल पहिल्यांदा वाचताना धक्का बसतो. जवळजवळ प्रत्येक दाव्यापुढे आक्षेप असतो. हे नेहमीचेच आहे. आक्षेप बहुधा पुढील प्रकारांत मोडतात.

नावीन्य : परीक्षकाने दाखवलेल्या एकाच जुन्या दस्तऐवजात आपल्या दाव्यातली प्रत्येक गोष्ट आहे का? एक जरी नसेल तर नावीन्य टिकते. दोन रकाने आखा, डावीकडे आपल्या दाव्यातला एकेक घटक आणि उजवीकडे जुन्या दस्तऐवजातला परिच्छेद. जिथे उजवीकडे रिकामी जागा राहते तिथे आपले उत्तर आहे.

इन्व्हेंटिव्ह स्टेप : या विषयातल्या जाणकार माणसाला हे सहज सुचले असते का, असा प्रश्न असतो. खरी लढाई इथे होते. आमच्या अहवालात दोन जुने दस्तऐवज होते. एकात स्प्रिंगच्या पिनेचा लग होता, दुसऱ्यात भार आल्यावर आपोआप तोंड मिटणारा हूक. परीक्षकाचे म्हणणे असे की दोन्ही एकत्र केले की तुमचे साधन होते. आम्ही पहिल्या मसुद्यात "आमचे साधन जास्त सुरक्षित आहे" असे तीन पाने लिहिले होते. ती तीन पाने फाडून टाकली आणि साधा मुद्दा मांडला : त्या हुकात भार आला की तोंड मिटते, म्हणजे भार येणे आधी आणि लॉक होणे नंतर. तो हूक त्या लगाला जोडला तर अर्धवट बसलेल्या पिनेवरही भार येईल. आमच्या साधनात पिन पूर्ण बसल्याशिवाय शॅकल उभीच राहू शकत नाही, म्हणजे क्रम उलटा आहे, आणि तो उलटा करावा असे दोन्हींपैकी एकाही दस्तऐवजात सुचवलेले नाही.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज हा निकाल माहीत असावा. तो भांडी घडवताना लेथवर धरून ठेवण्याच्या साधनाबद्दल होता. न्यायालयाने म्हटले की वर्कशॉपमध्ये होणारी साधी सुधारणा पेटंटला पुरेशी नाही, आणि अनेक ज्ञात गोष्टी नुसत्या एकत्र आणल्याने शोध होत नाही; त्यातून नवा परिणाम, नवी वस्तू किंवा आधीपेक्षा चांगली वा स्वस्त वस्तू निघाली पाहिजे. आपण सगळे वर्कशॉपवालेच असल्याने ही कसोटी आपल्यावर लागणारच. उत्तर लिहिण्याआधी स्वतःला ती लावून पाहा.

कलम ३ : यातला एफ खंड सुरक्षा-साधनांना वारंवार लागतो. प्रत्येक भाग स्वतंत्रपणे, आपल्या ज्ञात पद्धतीनेच काम करत असेल तर त्यांची केवळ मांडणी किंवा फेरमांडणी हा शोध मानला जात नाही. लगावर एक दिवा आणि एक भोंगा बसवला तर हा आक्षेप येणारच. उत्तर एकच : भाग एकमेकांवर अवलंबून कसे आहेत ते दाखवा. साधनात लोडसेल (भार मोजणारा सेन्सर) आणि प्रोग्राम असेल तर त्याच कलमाच्या के खंडाचा, म्हणजे निव्वळ संगणक प्रोग्रामचा आक्षेपही येतो. तिथे प्रोग्रामपेक्षा तो ज्या यंत्रणेला अडवतो तिच्यावर दावा उभा करावा.

स्पष्टता आणि औपचारिक बाबी : "योग्य", "सुमारे", "इत्यादी" असे शब्द दाव्यांतून काढा, क्रमांक जुळवा, राहिलेले फॉर्म द्या. हे एका दुपारचे काम आहे.

प्रत्येक आक्षेपाला त्याच्या क्रमाने उत्तर द्या. एकही सोडू नका, अगदी किरकोळ वाटला तरी.

८. सुनावणी

उत्तराने समाधान झाले नाही तर नियंत्रक, म्हणजे निर्णय देणारा पेटंट कार्यालयाचा अधिकारी, सुनावणीची नोटीस पाठवतो. सुनावणी आता व्हिडिओ कॉन्फरन्सवर होते. नोटिशीत उरलेले आक्षेप लिहिलेले असतात आणि चर्चा तेवढ्यांवरच होते, म्हणून इतर विषय काढू नयेत.

आम्ही लग आणि कॉर्नर कास्टिंगचा एक तुकडा टेबलावर ठेवला होता. पिनेखाली मुद्दाम एक वॉशर टाकला, शॅकल उभी करायला गेलो आणि ती कॅमेऱ्यासमोर तिरकी अडली. वॉशर काढला तेव्हा ती सरळ उभी राहिली. या अर्ध्या मिनिटाने आमचे म्हणणे समजायला मदत झाली. पण निर्णय कागदावरच होतो, म्हणून सुनावणीनंतर १५ दिवसांच्या आत लेखी म्हणणे आणि लागल्यास दुरुस्त दावे द्यावे लागतात. ते सुनावणीच्या आधीच लिहून तयार ठेवा. तारीख गैरसोयीची असेल तर किमान तीन दिवस आधी, कारणासह, तहकुबी मागता येते.

अर्ज नाकारला गेला तर कलम ११७ए खाली उच्च न्यायालयात अपील करता येते. त्यासाठी तीन महिन्यांची मुदत आहे.

९. पेटंट मिळाल्यावर लगेच करायची कामे

पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते, मिळाल्याच्या तारखेपासून नव्हे. नूतनीकरण तिसऱ्या वर्षापासून सुरू होते. मान्यता उशिरा मिळाली असेल तर मागच्या वर्षांचे साठलेले शुल्क नोंदवहीत नोंद झाल्यापासून तीन महिन्यांत भरायचे असते. नवखे लोक इथे गाफील राहतात, कारण मान्यतेच्या आनंदात ती तारीख कोणी पाहत नाही. पेटंट मिळाल्याचे प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षापर्यंत हितसंबंध असलेल्या कोणालाही विरोध नोंदवता येतो, त्यामुळे चाचणीची वही आणि जुने मसुदे तोपर्यंत तरी टाकू नका.

पेटंट म्हणजे सुरक्षेचे प्रमाणपत्र नव्हे, हे ग्राहकाला आणि स्वतःलाही स्पष्ट सांगा. परीक्षक साधनावर भार टाकून पाहत नाही. लग कामावर जाण्याआधी त्याची भार-चाचणी सक्षम व्यक्तीकडून झालीच पाहिजे, त्याच्यावर सुरक्षित कार्यभार कोरलेला असला पाहिजे, आणि ठरलेल्या काळाने त्याची पुन्हा तपासणी झाली पाहिजे. आमच्या लगावर हा आकडा पेटंट क्रमांकाच्या वर आणि त्याच्या दुप्पट मोठ्या अक्षरांत कोरलेला आहे, कारण यार्डात हायड्रा सुरू होण्याआधी खलाशाला तो वाचता आला पाहिजे.